पिंगाओ लावणीच्या नोंदी: काळ्या वाळूतली तीन वर्षं

पिंगाओ ही न्यूझीलंडची वनस्पती. दुसऱ्या कुठल्याही देशात ती आपसूक उगवत नाही. सगळे तिला गवत म्हणतात, मीही म्हणतो. पण फुलाचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा हाताला लागतात आणि ही आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली आहे हे कळतं. पानं हिरवी, त्यात पिवळी-नारिंगी झाक, आणि वाळली की थेट सोन्यासारखी. पिंगट पानांचं नाव पिंगाओ, हा निव्वळ योगायोग. मराठी माणसाच्या तोंडी मात्र ते पहिल्याच दिवशी बसतं. माओरी विणकर या पानांना रंग देत नाहीत. टोपल्या, टोप्या आणि सभागृहाच्या भिंतींवरचे तुकुतुकू, म्हणजे विणलेले नक्षीचे फलक, यांत दिसणारा पिवळा हा पानाचा स्वतःचा रंग असतो.

एके काळी इथल्या पुळणीवर ती सर्रास होती. युरोपातून आणून मुद्दाम लावलेलं मॅरम गवत, ससे, चरायला सोडलेली गुरं आणि वाळूत घातलेल्या गाड्या यांनी ती मागे हटत गेली. आता सरकारी यादीत ती धोक्यात आलेल्या आणि घटत चाललेल्या वनस्पतींमध्ये आहे.

ऑकलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वाळूच्या टेकाडांचा एक छोटा पट्टा आमच्या गटाने कौन्सिलच्या परवानगीने हाती घेतला. बियाणं गोळा करण्यापासून लावणीपर्यंत सगळं आम्हीच केलं. वहीतल्या नोंदी थोड्या साफ करून देतो आहे. चुका गाळलेल्या नाहीत, कारण मला स्वतःला सुरुवातीला नेमक्या त्याच कुणी सांगितल्या नव्हत्या.

१० डिसेंबर २०२२

बियाणं गोळा करायचा पहिला दिवस. परवानगीला सात आठवडे लागले. कौन्सिलचा कागद आणि स्थानिक इवीचा, म्हणजे माओरी जमातीचा, होकार, दोन्ही हवेत. होकार घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या एक ज्येष्ठ विणकर बाई सोबत यायला तयार झाल्या. इथे अशा बाईंना आदराने 'फाएआ' म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. बियाणं याच किनाऱ्यावरचं हवं, दुसरीकडून आणायचं नाही, ही त्यांची अट. आमचीही तीच होती, त्यामुळे बोलणं लवकर संपलं.

कणसं दांड्याभोवती पिळासारखी वर चढत जातात. 'फिसिनिया स्पायरॅलिस' या नावातला 'स्पायरॅलिस' त्या पिळावरूनच आला. ६२ कणसं कापली. एका झाडाची सगळी कणसं घ्यायची नाहीत, थोडी वाळूसाठी ठेवायची. ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून घरी आणली.

१७ डिसेंबर २०२२

पिशव्या उघडल्या तर आंबूस वास. आठवडाभर ओल कोंडून राहिली आणि निम्म्या कणसांवर पांढरी बुरशी आली. कागदी पिशव्या घ्यायच्या एवढं साधं भान राहिलं नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. बी चोळून काढलं तर अर्ध्याहून जास्त फिकट, नखाने दाबलं की चपटं होणारं. पिकलेलं बी तपकिरी-काळसर, तकतकीत आणि टणक असतं. आम्ही घाई केली होती. फाएआंना फोन केला. त्या म्हणाल्या, "कणीस ओढावं लागलं ना? मग ते तयार नव्हतं. तळहात खाली धर आणि नुसती टिचकी मार. पडलं तर तुझं."

२ जानेवारी २०२३

पुन्हा गेलो. टिचकीची पद्धत. ४० कणसांतून साधारण ११०० टपोरं बी मिळालं, तेही कणीस न कापता. वेळ तिप्पट लागला. यापुढे कात्री न्यायचीच नाही असं ठरवलं.

८ जानेवारी २०२३

पेरणी. पहिल्या खेपेतलं निवडून उरलेलं बी सहा ट्रेंमध्ये, दुसऱ्या खेपेतलं चार ट्रेंमध्ये. वेगळं ठेवलं ते बरं झालं, नाहीतर पुढचा फरक समजलाच नसता. बी ताजं पेरायचं, जपून ठेवायचं नाही, हे ऐकून होतो. वर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढा थर. माध्यम म्हणून दुकानात मिळणारं भाजीपाल्याचं उत्तम प्रतीचं पॉटिंग मिक्स वापरलं. ट्रे घरामागे उघड्यावरच मांडले.

२९ जानेवारी २०२३

परवा, शुक्रवारी, ऑकलंडमध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला. शहरभर पाणी शिरलं. आमच्या घराला धक्का नाही, पण मागच्या अंगणात घोटाभर पाणी वाहत होतं. पहिल्या खेपेचे तीन ट्रे उलटले आणि बी मिक्ससकट कुंपणापर्यंत वाहून गेलं. उरलेले सात विटांवर चढवले आणि वर पारदर्शक पत्रा टाकला. हे पेरणीच्या दिवशीच करायचं होतं.

५ फेब्रुवारी २०२३

पहिले कोंब. सुईएवढे, फिकट हिरवे. पेरणीपासून २८ दिवस.

१९ फेब्रुवारी २०२३

गॅब्रिएल वादळ १३-१४ तारखेला येऊन गेलं. आमच्याच किनाऱ्यावरच्या मुरीवाईत दरडीने दोन स्वयंसेवक अग्निशमन जवानांचा जीव घेतला. रस्ते बंद, कित्येक कुटुंबं घराबाहेर. गटातल्या दोघांच्या घरांना लाल फलक लागला आहे, म्हणजे आत पाऊल टाकायला मनाई. रोपांची नोंद आज करत नाही.

१२ मार्च २०२३

रस्ता उघडल्यावर पहिल्यांदा पुळणीवर गेलो. लावणीसाठी आखलेल्या जागेचा समुद्राकडचा चार-पाच मीटरचा पट्टा गेला आहे. मॅरमच्या टेकाडाला उभा कडा पडलाय, माणसाच्या उंचीचा, आणि त्यातून मुळ्या दोरांसारख्या लोंबतात. मॅरम वाळू धरून उंच, उभट टेकाड रचतं. लाटेने तळ खाल्ला की ते भिंतीसारखं कोसळतं. शंभर पावलांवर स्पिनिफेक्स या वाळूतल्या देशी वनस्पतीचा एक जुना तुकडा आहे. तिथेही वाळू गेलीच, पण उतार सपाट असल्याने कडा पडला नाही आणि आडव्या फुटव्यांची टोकं खाली सरकायलाही लागली आहेत. दोन्ही जागांचे फोटो काढले. नव्या माणसाला समजावताना आम्ही आता तेवढेच दाखवतो.

घरी रोपांची मोजणी: पहिल्या खेपेच्या तीन ट्रेंत ८८, दुसऱ्या खेपेच्या चारांत ५३४. म्हणजे टिचकीने पडलेल्या बियांपैकी निम्म्याच्या आसपास उगवल्या.

२६ मार्च २०२३

रोपं कोलमडायला लागली. मातीलगत देठ काळा पडतो आणि दुसऱ्या दिवशी रोप आडवं. दोन आठवड्यांत १४० गेली. कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही: सकस, ओल धरून ठेवणारं मिक्स, दाट पेरणी आणि रोज संध्याकाळी झारीने पाणी. मी टोमॅटोची रोपं करतो तशी ही केली होती. वाळूतल्या झाडाला रात्रभर ओल्या मातीत पाय ठेवून उभं केलं.

उपाय: संध्याकाळचं पाणी बंद, सकाळी, तेही वरचा थर कोरडा दिसला तरच. दाट जागी विरळणी. वर धुतलेल्या जाड वाळूचा पातळ थर. आठवड्याभरात मर थांबली. शिल्लक ४८२.

१५ आणि १६ एप्रिल २०२३

रोपं रूट ट्रेनरमध्ये हलवली. या उभ्या, पुस्तकासारख्या उघडणाऱ्या खोल कप्प्यांत मुळं गोल फिरत नाहीत, सरळ खाली जातात. पिंगाओला ते हवंच. यावेळी मिक्समध्ये निम्मी जाड वाळू आणि बारीक खडी. वहिनी आणि दोन्ही मुलं दिवसभर मदतीला होती, नाहीतर मला आठवडा लागला असता. २२ रोपं मुळं तुटल्याने टाकावी लागली. कप्प्यांत गेली ४६०.

याच आठवड्यात पुळणीवर मॅरमची पहिली फवारणी झाली. हॅलॉक्सीफॉप हे तणनाशक फक्त खऱ्या गवतांना मारतं. पिंगाओ गवत नसल्याने तिला काही होत नाही. परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायचं काम आहे, त्याचे पैसे कौन्सिलने दिले. आम्ही फक्त हद्द दाखवायची होती.

२१ मे २०२३

हद्द दाखवण्यात चूक झाली, आणि ती माझी. पिंगाओला काही होत नाही म्हणून निर्धास्त राहिलो, पण स्पिनिफेक्स खरं गवत आहे. तो जुना तुकडा, वादळातून तगलेला, त्याच्या कडेला आम्ही झेंड्या लावल्याच नव्हत्या. तिकडच्या बाजूचे आठ-नऊ मीटर पिवळे पडलेत. हिनारेपे म्हणजे वाळूतल्या देशी पोआ गवताचे दोन झुपकेही गेले. ते तर पिंगाओइतकंच घटतं आहे. फवारणाऱ्याने सांगितलेल्या हद्दीत काम केलं, त्याचा दोष नाही.

हे लिहिताना अजून वाईट वाटतं. फवारणीच्या आदल्या दिवशी जागा चालून प्रत्येक देशी गवताच्या झुपक्याला उंच काठी आणि रंगीत फीत बांधा. नकाशावरच्या रेघेवर विसंबू नका.

जून ते सप्टेंबर २०२३

हिवाळा. वाढ अगदी मंद. जूनमध्ये हळूहळू विरघळणारं खत दिलं, जरा जास्तच पडलं असावं. शेडनेटखाली पानं लांब, मऊ, गर्द हिरवी झाली. पाहुणे कौतुक करत होते. नर्सरीतल्या एका जुन्या जाणत्या माणसाने पान चिमटीत धरलं आणि मान हलवली: "हे वाऱ्यात फाटेल."

८ ऑक्टोबर २०२३

सगळे कप्पे शेडनेटबाहेर, दक्षिण-पश्चिमेच्या वाऱ्याच्या तोंडावर. खत बंद. पाणी निम्मं. पंधरा दिवसांत पानांची टोकं करपली आणि नवी पानं आखूड, ताठ यायला लागली. त्यांच्यात पिवळी झाक दिसली, पहिल्यांदाच.

१८ मे २०२४

जवळजवळ दीड वर्षाने का होईना, रोपं तयार आहेत. कप्प्यातून गड्डा काढला तर तो सुटत नाही, मुळं तळापर्यंत पोचलीत. ४३१ जिवंत. त्यांतली ११ दुबळी बाजूला काढली. लावायला ४२०.

मधल्या काळात मॅरमवर आणखी दोन फवारण्या झाल्या, यावेळी काठ्या आणि फिती लावून. मेलेलं मॅरम उपटलं नाही. पहिल्यांदा वाटलं होतं जागा स्वच्छ करावी. पण सुकलेले झुपके वारा अडवतात, आणि वाहून आलेल्या ओंडक्यांखाली कातिपो कोळी राहतो. तो विषारी असला तरी इथला आहे, २०१० पासून कायद्याने संरक्षित आहे. ओंडके हलवायचे नाहीत. उचलायचेच पडले तर हातमोजे.

२९ जून २०२४

लावणी. काल मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, सुटी होती, त्यामुळे २२ माणसं आली. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, आणि लावणी हिवाळ्यातच करायची. लोखंडाचा अंश असलेली ही काळी वाळू जानेवारीत अनवाणी पाय ठेवू देत नाही. उन्हाळ्याच्या आत मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचली पाहिजेत.

सुरुवातीला फाएआ बोलल्या. ताने हा जंगलाचा देव, तांगारोआ समुद्राचा, आणि दोघांचं वैर. तह व्हावा म्हणून तानेने आपल्या भुवया उपटून भावाला दिल्या. तांगारोआचा राग शमला नव्हता. त्याने त्या किनाऱ्यावर भिरकावल्या. त्या जिथे पडल्या तिथे पिंगाओ उगवली, जंगल आणि समुद्र यांच्या सीमेवर. मला आपल्या कोकणातल्या पुळणीवरची मर्यादवेल आठवली. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून तिचं ते नाव. मी फाएआंना नावाचा अर्थ सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला.

१८० रोपं लागली. अंतर ६० सेंटिमीटर, दोरी धरून सरळ ओळी. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी ३० ग्रॅम सावकाश विरघळणारं खत. ओळींच्या पुढे वारा अडवायला काठ्या आणि जाळीच्या कापडाचं कुंपण, त्याला २१० डॉलर लागले. संध्याकाळी ओळी फार देखण्या दिसत होत्या.

१४ जुलै २०२४

दोन दिवस सोसाट्याचा वारा. ६७ रोपं उघडी पडली. रूट ट्रेनरच्या आकाराचे गड्डे वाळूवर आडवे, काही पार पायवाटेपर्यंत घरंगळत गेलेले. ४० सापडली, बाकीच्यांचा पत्ता नाही. सापडलेली लगेच पुन्हा खोल पुरली.

काय चुकलं ते एक खड्डा उकरून पाहिल्यावर कळलं. वरचे दहा-बारा सेंटिमीटर वाळू कोरडी होती. बहुतेकांनी खड्डा त्या कोरड्या थरातच केला, कारण कोरडी वाळू कडेने आत ओघळते आणि खड्डा खोल झाल्यासारखा वाटतो. बागेतल्या सवयीप्रमाणे गड्ड्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवला. वाऱ्याने वरचा थर नेला की गड्डा उघडा.

२० जुलै २०२४

उरलेली २४० लावली. माणसं फक्त नऊ, दिवसभर लागला, पण यावेळी पद्धत पक्की केली:

आधी पायाने कोरडी वाळू बाजूला सारायची, ओली, गडद वाळू दिसेपर्यंत. मग तिथे फावड्याचं पूर्ण पातं आत जाईल एवढा खड्डा. खत तळाशी, वर मूठभर वाळू, मग रोप. गड्ड्याचा माथा ओल्या वाळूच्याही खाली किमान दहा सेंटिमीटर. पानं अर्धी पुरली जातात. नव्या माणसाचा जीव होत नाही, तो रोप वर ओढतो. ओढू द्यायचं नाही. टाचेने घट्ट दाबायचं आणि एक पान धरून हलकेच ओढून पाहायचं. रोप वर आलं तर पुन्हा खड्डा.

ओळीही सोडल्या. दोरी धरली की वाऱ्याला सरळ गल्ली मिळते. तीन-तीन, पाच-पाच असे विस्कळीत पुंजके केले.

१८ ऑगस्ट २०२४

खोल लावलेल्यांपैकी एकही उपटलेलं नाही. पण उत्तरेकडच्या कोपऱ्यात ५८ रोपं कात्रीने छाटावीत तशी तिरकी कापलेली. लेंड्या पाहून ससे ठरले. खत घातलेलं कोवळं रोप त्यांना आधी कळतं.

ससे दूर ठेवणारा फवारा: पाच अंडी, १५० मिलिलिटर पांढरा ॲक्रिलिक रंग, ६०० मिलिलिटर पाणी. अंडी फेटून गाळून घ्यायची, नाहीतर पंपाची तोटी तुंबते. आमची दोनदा तुंबली. कोरड्या, वारा नसलेल्या सकाळी पानांवर फवारायचं. नवी पानं फुटली की ती उघडी राहतात, म्हणून दीड महिन्याने पुन्हा. मागच्या बाजूला सशांचा बंदोबस्त कौन्सिलच्या माणसांनी केला. हे लावणीच्या आधी व्हायला हवं होतं. लावणीच्याच दिवशी फवारलं असतं तर ५८ वाचली असती.

६ ऑक्टोबर २०२४

कातरलेल्यांपैकी बरीच बुडख्यातून फुटताहेत. आता पक्ष्यांचा हंगाम: तुतुरिफातू, म्हणजे इथला डॉटरेल, उघड्या वाळूवर नुसत्या खळग्यात अंडी घालतो. एक जोडी आमच्या पुंजक्यांच्या पुढेच बसली आहे. फेब्रुवारीपर्यंत त्या बाजूला जायचं नाही, मोजणीसाठीसुद्धा नाही. एका कुटुंबाचा मोकळा कुत्रा परत पाठवावा लागला. सांगितल्यावर त्यांनी ऐकलं.

१० नोव्हेंबर २०२४

कुंपणाचा हिशेब. जाळीने वारा अडवला, पण वाहती वाळूही तिथेच टाकली. कुंपणालगत ७० सेंटिमीटरचा ढीग, त्याखाली जूनची तीसेक रोपं गडप. ढिगाच्या मागच्या ओळींना नवी वाळू मिळतच नाही, त्या रोडावल्यात. कुंपण मी आखलं होतं, रोपांना त्रास होऊ नये म्हणून. आज ते काढून टाकलं. गेलेल्या तीस रोपांची नोंद 'मृत' अशी केली.

२२ डिसेंबर २०२४

वरची नोंद खोडली. ढिगाच्या माथ्यावर पिवळी टोकं. पहिल्यांदा वाटलं वाऱ्याने आलेली पानं आहेत. गुडघ्यावर बसून बोटांनी वाळू सारली, तर खाली कोपरभर लांब दांडा, त्याला मधेमधे नवी पांढरी मुळं, आणि तो थेट जूनच्या रोपापर्यंत गेलेला. एकवीस मोजली. वाळू वर चढली तसं झाडही चढलं. मी बराच वेळ तिथे बसून होतो.

आईला रात्री फोनवर सांगितलं. तिला पिंगाओ माहीत नाही, पण म्हणाली, "भाताला चिखल लागतो, हिला वाळूची भर लागत असेल. तुम्ही घातली नाहीत, तर वाऱ्याने घातली." आम्ही दोन वर्षं हिला वाळूपासून वाचवत होतो.

१९ जानेवारी २०२५

पक्ष्यांची बाजू सोडून मोजणी. तिथली लांबून, दुर्बिणीने.

जूनची १८० पैकी ७४ जिवंत. यात पुन्हा पुरलेल्या ४० मधली १९ आणि ढिगातून वर आलेली २१ धरली आहेत.

जुलैची २४० पैकी १९७.

एकूण ४२० मधली २७१. माणसं तीच, रोपं तीच, जागा शेजारची, मधे फक्त तीन आठवडे. फरक खड्ड्याच्या खोलीचा आहे.

खर्च: ट्रे आणि रूट ट्रेनर ३४० डॉलर, पॉटिंग मिक्स आणि वाळू १६५, खत १२०, कुंपण २१०, अंडी-रंग-पंप ४८. एकूण ८८३, म्हणजे जगलेल्या झाडामागे सव्वातीन डॉलर. कुंपण नसतं तर अडीच. पेट्रोल धरलेलं नाही. चाळीसेक फेऱ्या झाल्या. रूट ट्रेनर पुन्हा वापरता येतात, गरम पाण्याने धुऊन.

५ जुलै २०२५

नांग्या भरल्या, म्हणजे गेलेल्या रोपांची भर केली. ती ११ दुबळी रोपं वर्षभरात सावरली होती, ती आणि दुसऱ्या गटाने दिलेली याच किनाऱ्याच्या बियांची ६०. सगळी खोल. एक बदल: मागच्या बाजूला, वाळू स्थिर झाली आहे तिथे, एकही लावलं नाही. तिथली जुनी झाडं बारीक होत चालली आहेत. जिथे वाळू अजून हलते त्या पुढच्या उतारावरच लावली, आणि त्यांच्याही पुढे, भरतीच्या रेषेकडे, स्पिनिफेक्स. फवारणीत गेलेल्या तुकड्याची ही भरपाई आहे. पूर्ण व्हायला आणखी दोन-तीन हिवाळे लागतील.

फाएआंनी ढिगावरच्या झाडांची वाळलेली चार पानं नेली. विणायला ती आखूड आहेत. "रंग बघायचाय," एवढंच म्हणाल्या.

१३ डिसेंबर २०२५

२०२४ च्या झाडांना पहिल्यांदा कणसं. चौदा मोजली, त्यांतली नऊ ढिगावर. कागदी पिशव्या नेल्या होत्या. तळहात धरून प्रत्येक कणसाला टिचकी मारली. दोन बिया पडल्या, दोन्ही फिकट. पिशव्या रिकाम्याच परत आणल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जायचं.